कै. नारायण मेघाजी लोखंडे

परळ-भोईवाड्यावरून नित्य जाणाऱ्या आमच्या व्यापारी वाचकांस कै. लोखंडे यांचे स्मरण आहे काय? ठाण्यास १८४८ साली जन्मलेल्या या पुरुषाने गिरणीत नोकरी केली व १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र चालविले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी-कामगारांची सभा भरविली. पुढे सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनाकडे गेला. त्यांतील रविवारची सुटी १८९० साली मिळाली व ती सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस मोठी वाटते ती दुसरी मागणी: कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन, व कायमचा जायबंदी झालेल्यास निर्वाहाची तजवीज. ही भिक्षा नव्हे, हक्क होय, असा तिचा आशय होता. लोखंडे १८९७ च्या प्लेगांत वारले. नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ साली, म्हणजे मागणीनंतर ३९ वर्षांनी!

आज त्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे आहेत. परांचीवरून पडलेल्या मजुराचे नांव हजेरीपटावरच नसेल, तर कायदा असूनही त्याच्या बायकामुलांस हक्क शाबीत करणे दुर्घट होते. धन्यांनो, आधी ते नांव लिहा. लोखंड्यांचे खरे स्मारक तेंच.