डिग्री नसलेला इंजिनियर

बी.ई. नाही, पीएच.डी. तर नाहीच. तरी १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल! (अॅलन कॉर्मॅकबरोबर विभागून.) मित्रांनो, गॉडफ्रे हाउन्सफिल्डची ही गोष्ट सबमिशनच्या रात्रीसुद्धा वाचायला हरकत नाही.

जन्म १९१९, इंग्लंडमधल्या शेतकऱ्याच्या घरात, पाच भावंडांत धाकटा. घरी बनवलेल्या ग्लायडरने गवताच्या गंजीवरून उडी मारायची, असले उद्योग. शाळेत फिजिक्स आणि मॅथ्स सोडून बाकी बोंबच. महायुद्धात हवाई दलात रडार शिकला, मग लंडनच्या फॅरेडे हाउसमधून डिप्लोमा आणि ईएमआय कंपनीत नोकरी. हो, बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारीच ती.

साध्या एक्स-रेत कवटी दिसते, आतला मऊ मेंदू नाही. मेंदूतल्या पोकळ्या बघायच्या तर पाठीच्या मणक्यातून सुईने हवा सोडायची, पेशंटचं डोकं असह्य दुखायचं. १९६७ मध्ये हाउन्सफिल्डच्या डोक्यात आलं की बंद खोक्याची सगळ्या कोनांतून रीडिंग्ज घेतली तर खोकं न उघडता आतलं चित्र काढता येईल. म्हणजे ढीगभर सायमल्टेनियस इक्वेशन्स! पहिलं यंत्र त्याने चक्क लेथच्या बेडवर उभारलं. एका स्कॅनला नऊ दिवस, २८,००० रीडिंग्ज. टेस्टिंगसाठी गाईबैलांचे मेंदू. १ ऑक्टोबर १९७१ ला विम्बल्डनच्या अॅटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला आणि तिच्या मेंदूतली गाठ स्पष्ट दिसली.

पण मला जास्त भिडलं ते पुढचं. स्किझोफ्रेनिया म्हणजे आईच्या वागण्याचा परिणाम, असं तेव्हा बरेच डॉक्टरही मानायचे. पोरगा आजारी, वर दोष आईलाच. १९७६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये ईव्ह जॉनस्टोन आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं आजारी असलेल्या १७ पेशंटचे सीटी स्कॅन काढले, ८ निरोगी माणसांशी ताडून पाहिले. पेशंटच्या मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या होत्या. आजार मेंदूत दिसत होता.

मग नवा प्रश्न. हा फरक आधीपासूनचा, की आजारानंतरचा? त्यासाठी आजार सुरू होण्याआधीच स्कॅन हवा. हे काम पुढे एमआरआयने केलं (त्यावरही हाउन्सफिल्डने ईएमआयमध्ये डोकं चालवलं होतं). २००३ मध्ये मेलबर्नच्या टीमने धोका असलेल्या ७५ जणांचे स्कॅन छापले. त्यातल्या २३ जणांना पुढे सायकोसिस झाला. काही फरक त्यांच्या मेंदूत आधीच होते, काही आजार सुरू होताना वाढले. हा आजार बहुतेकदा सुरू होतो तो आपल्याच वयात, जेव्हा रूममेट 'डोकं फिरलंय याचं' म्हणून हसतात. मात्र नुसता स्कॅन बघून कोणाला होणार हे आजही सांगता येत नाही.

हाउन्सफिल्डने लग्न केलं नाही. नोबेलच्या पैशातून घरीच लॅब थाटली. १२ ऑगस्ट २००४ ला तो गेला. सीटी स्कॅनची मोजपट्टी मात्र अजून त्याच्याच नावाची आहे: पाणी म्हणजे शून्य हाउन्सफिल्ड, हवा म्हणजे उणे १०००.