मातेने दिलेले धन

साने गुरुजी या नावाने सर्वपरिचित झालेले पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म कोकणातील पालगड या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी झाला. घराणे एके काळी वैभवसंपन्न खोतांचे. परंतु वडिलांच्या हयातीतच ते वैभव ओसरले व राहते घरही जप्तीत गेले. पुत्राला देण्याजोगे द्रव्य माता यशोदाबाईंपाशी उरले नाही. तथापि व्रतवैकल्ये, पुराणकथा व नित्याची गृहकृत्ये यांच्या निमित्ताने तिने जे संस्कार दिले, त्यांना जप्तीचे भय नव्हते. १९१७ साली ती माउली निवर्तली.

पुढे अमळनेरच्या शाळेत गुरुजी शिक्षक झाले. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले व कारावास पत्करला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती गुरुजींनी भक्तिभावाने लिहून घेतली. नंतर नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. तीत श्याम रात्रीमागून रात्री आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो.

त्यांतील एक आठवण मननीय आहे. अस्पृश्य गणल्या गेलेल्या एका वृद्धेच्या डोक्यावरची मोळी खाली पडली. कोणी हात लावीना. तेव्हा आईने श्यामला ती उचलून देण्यास पाठविले. मात्र परत आल्यावर स्नान करण्यासही सांगितले. त्या काळच्या रूढीत राहून मातेचे अंतःकरण जेवढे पुढे जाऊ शकले, तेवढे गेले. पुत्राने ते पाऊल तेथेच थांबू दिले नाही. हरिजनांना पांडुरंगाचे दर्शन मिळावे म्हणून त्याने महाराष्ट्रभर हिंडून लोकमत जागविले आणि मे १९४७ मध्ये पंढरपूर येथे प्राण पणास लावून उपोषण केले. अखेर मंदिर सर्वांस खुले करण्याचे मान्य झाले. मातेच्या करुणेला जोडलेली स्नानाची अट पुत्राने आपल्या आचरणाने दूर केली.

११ जून १९५० रोजी गुरुजींचे देहावसान झाले. मातेची कथा मात्र घरोघरी वाचली जात राहिली.

पूर्वजांच्या गोष्टी मुलांना सांगणे हे गृहस्थाचे कर्तव्यच होय. त्या सांगताना वडीलधाऱ्यांचे सद्गुण सांगावेत, तसेच ते कोठे थबकले हेही निर्मळ मनाने सांगावे. म्हणजे पुढचे पाऊल कोठे टाकावयाचे, हे मुलांना कळेल.