डॉ. आनंदीबाई जोशी : त्यागाचा हिशेब

व्यापारी मनुष्य भांडवल, जोखीम व नफा यांचा मेळ घालून यश ठरवितो. ह्या रीतीने पाहिल्यास कल्याणच्या जोशी घराण्यातील आनंदीबाईंचे आयुष्य तोट्याचे ठरेल. बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच त्या निवर्तल्या; मिळविलेल्या विद्येचा उपयोग करण्यास त्यांस अवधी लाभला नाही. तथापि हा हिशेब खरा आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचा विवाह नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी ह्या बिजवराशी झाला. पत्नीने शिकलेच पाहिजे हा गोपाळरावांचा निर्धार. परंतु तो प्रसंगी कठोर व जाचक होई, हेही सांगितले पाहिजे. चौदाव्या वर्षी झालेला पुत्र योग्य उपचारांअभावी दहा दिवसांत दगावला. पुरुष वैद्यापुढे दुखणे सांगण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांचे हाल त्यांनी जाणले होते. वैद्यकीचा संकल्प ह्यातून दृढ झाला.

१८८३ साली सेरामपूरच्या कॉलेजात जाहीर भाषण करून त्यांनी आक्षेपकांस उत्तर दिले, आणि पती बरोबर नसता त्या अमेरिकेस निघाल्या. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी त्यांस आश्रय दिला. फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडीत, स्वधर्माचा आहारविहार सांभाळून, खालावत्या प्रकृतीने त्यांनी अभ्यास पुरा केला व मार्च १८८६ मध्ये पदवी संपादिली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु त्या क्षय घेऊनच परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला.

येथे खाते बंद झाले असे मानणे चुकीचे होय. रखमाबाई १८९४ साली विलायतेत डॉक्टर झाल्या व पुढे सुरतेस त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. वाट आहे, हे आनंदीबाईंनी आधीच दाखवून दिले होते.

मात्र त्यागाची थोरवी गाताना एक भेद विसरू नये. आनंदीबाईंची चिकाटी त्यांची स्वतःची होती. त्यागातील पुष्कळसा भाग समाजाने त्यांजकडून वसूल केला. बालविवाह, अकाली मातृत्व व लोकनिंदा हे काही विद्येचे आवश्यक मोल नव्हे. कल्याण, डोंबिवली व ठाणे येथील ज्या गृहस्थांस त्यांचा अभिमान वाटतो, त्यांनी कन्येच्या शिक्षणखर्चाचा प्रश्न येताच लग्नखर्चाची वही आधी उघडू नये. एका स्त्रीने प्राण वेचून जे साध्य केले, ते दुसरीस सुखाने साधता यावे, हीच त्या त्यागाची खरी परतफेड.