ट्रामच्या आधी अलिबाग गाठणारे नानाभॉय मूस

लघुलहरी रेडिओवरून एका संगणकाचा संदेश हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या संगणकाकडे जातो, तो आयनांबरावरून परावर्तित होऊन. चुंबकीय वादळात हा मार्गच बिघडतो.

अशा वादळांची मुंबईतली जुनी नोंद अखंड राहिली, ती नानाभॉय मूस (१८५९–१९३६) यांच्यामुळे. एडिनबर्गला शिकलेले मूस १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार, असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय मोजमापे बिघडली असती. मूस यांनी समुद्रापलीकडचे अलिबाग निवडले. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या, पण कुलाबा लगेच बंद केले नाही. खरी हुशारी इथेच! सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे मोजल्यामुळे १८४६ पासूनची मालिका जोडता आली. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली.