चर्चिलसाहेबांची फ्रेंच

फ्रेंच बोलायला निघालेल्या इंग्रजाची जीभ पदोपदी अडखळते. शहराचे नाव लिहायचे ‘पॅरिस’, पण फ्रेंच माणूस शेवटचा ‘स’ गिळून ‘पारी’ म्हणतो. त्याचा ‘र’ घशातून येतो, अनेक स्वर नाकातून.

विन्स्टन चर्चिल (१८७४–१९६५) यांना शाळकरी वयात, डिसेंबर १८९१ मध्ये, फ्रेंच सुधारण्यासाठी व्हर्सायला धाडले गेले. शब्दसंपत्ती वाढली, उच्चार मात्र जन्मभर इंग्रजीच राहिले. शिवाय ‘स’ म्हणताना जीभ अडे, ती वेगळीच.

जून १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला. २१ ऑक्टोबरच्या रात्री, लंडनवर बॉम्ब पडण्याच्या त्या दिवसांत, चर्चिल बीबीसीवरून फ्रेंच जनतेशी तिच्याच भाषेत बोलले. भाषांतराला फ्रेंच रंगकर्मी मिशेल सँ-दनी मदतीला होते. दुभाष्याकडून वाचून घेणे सोपे होते, पण पराभूत घरांत मित्राचा स्वतःचा आवाज पोचायला हवा होता. नोव्हेंबर १९४४ मध्ये मुक्त पॅरिसमध्येही ते तशाच फ्रेंचमध्ये बोलले.

हिंदुस्थानशी हा माणूस कठोरपणे वागला, हे आपण विसरणार नाही. पण उच्चार चुकेल म्हणून घरात तोंड मिटून बसणाऱ्या मुलांना त्याची ही एक गोष्ट जरूर सांगावी.