विश्लेषण : घटवलेले वजन टिकवायचे कसे? दीडशे वर्षांपूर्वी विल्यम बँटिंग यांनी काय केले?

डाएट सुरू होते, तीन-चार महिन्यांत आठ-दहा किलो वजन उतरते, ओळखीचे लोक कौतुक करतात. मग डाएट ‘संपते’ आणि वर्ष-दोन वर्षांत येरे माझ्या मागल्या! वजन कमी करण्याचा प्रयत्न केलेल्या बहुतेकांना हा अनुभव नवा नाही. वजन उतरवण्यापेक्षा ते उतरलेले ठेवणे अवघड असते, हे आज संशोधनही सांगते. या पार्श्वभूमीवर लंडनच्या विल्यम बँटिंग यांची गोष्ट पुन्हा वाचण्यासारखी आहे. आधुनिक काळातील पहिले लोकप्रिय डाएट त्यांच्या नावाने ओळखले जाते. मात्र त्यांनी वर्षभरात घटवलेल्या वजनाची जितकी चर्चा झाली, तितकी त्यानंतरच्या वर्षांची झाली नाही.

विल्यम बँटिंग कोण होते?

बँटिंग यांचा जन्म १७९६ च्या अखेरीचा. ते डॉक्टर नव्हते, आहारतज्ज्ञही नव्हते. त्यांच्या कुटुंबाची लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारी पेढी होती. शवपेटीपासून अंत्ययात्रेच्या सरंजामापर्यंत सगळे काम ही पेढी करी आणि तिच्याकडे ब्रिटिश राजघराण्याची सनद होती. १८५२ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या अंत्यसंस्काराचे काम याच पेढीने पाहिले. (इन्सुलिनच्या शोधासाठी ओळखले जाणारे फ्रेडरिक बँटिंग हे वेगळे. ते कॅनडाचे, पुढच्या काळातले.)

बँटिंग सुखवस्तू होते, पण आळशी नव्हते. लवकर उठणे, वेळेवर कामाला लागणे, शिस्तीत दिवस घालवणे हा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ होता. आई-वडिलांच्या घराण्यात स्थूलतेचा इतिहास नव्हता. तरीही तिशीनंतर वजन वाढू लागले आणि ते कशालाच दाद देईना.

वजनाचा त्रास किती होता?

२६ ऑगस्ट १८६२ रोजी बँटिंग यांचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. उंची ५ फूट ५ इंच आणि वय ६५ च्या पुढे. आजच्या हिशेबाने त्यांचा बॉडी मास इंडेक्स ३३ च्या वर जातो, म्हणजे स्पष्ट स्थूलता.

आकड्यांपेक्षा रोजचे जगणे जास्त जाचक होते. वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. जिना उतरताना गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून ते पाठमोरे, एक एक पायरी सावकाश उतरत. गुडघ्यांना पट्ट्या बांधाव्या लागत. बेंबीजवळ हर्निया झाला होता. नजर आणि श्रवणशक्ती दोन्ही मंदावत चालल्या होत्या. सार्वजनिक वाहनांत किंवा सभांमध्ये लोकांच्या नजरा आणि शेरे झेलावे लागत, म्हणून अशा ठिकाणी जाणेच ते टाळू लागले होते. स्थूल माणसाची टवाळी करणाऱ्यांना त्याची अगतिकता कळत नाही, ही खंत त्यांनी पुढे लिहूनही ठेवली.

आधीचे उपाय का फसले?

बँटिंग यांनी उपाय करायचे काही बाकी ठेवले नव्हते. एका स्नेही शल्यचिकित्सकाने अंगमेहनतीचा सल्ला दिला, तेव्हा ते रोज पहाटे नदीवर दोन तास जड नाव वल्हवू लागले. अंगात ताकद आली, पण भूकही तितकीच वाढली. ती भागवता भागवता वजन आणखी चढले आणि वल्हवणे बंद करावे लागले.

त्यानंतर लीमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेट येथील औषधी पाण्याचे प्रयोग झाले. औषधे झाली. टर्किश बाथ म्हणजे वाफेची स्नाने सुमारे ५० वेळा घेतली, त्यातून उतरले जेमतेम सहा पौंड. कमी खाण्याचाही प्रयत्न झाला, पण त्याने अशक्तपणा आला. प्रत्येक उपायाचा शेवट सारखाच होता. तो दीर्घकाळ चालवता येत नव्हता आणि थांबवला की शरीर पूर्वपदावर येत होते.

डॉ. हार्वे यांनी काय बदलले?

१८६२ च्या ऑगस्टमध्ये बँटिंग कानाच्या तक्रारीसाठी सोहो स्क्वेअरमधील कर्णरोगतज्ज्ञ डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. हार्वे यांनी पॅरिसमध्ये क्लॉद बर्नार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाची मधुमेहावरील व्याख्याने ऐकली होती. यकृत शरीरात साखर तयार करते, हे बर्नार यांनी दाखवले होते. मधुमेहात साखर आणि पिष्टमय पदार्थ कमी करून फायदा होत असेल, तर स्थूलतेतही तसे करून पाहावे, असा विचार हार्वे करत होते. ऐकू कमी येण्याचे मूळ वाढलेल्या चरबीत आहे, असे निदान त्यांनी केले आणि खाण्याचा तक्ता हाती दिला.

बँटिंग यांचा पूर्वीचा आहार म्हणजे लोणी लावलेला टोस्ट, भरपूर दूध-साखरेचा चहा, दुपारी मांसाबरोबर ढीगभर पाव, बिअर आणि पेस्ट्री, रात्री फळांचा टार्ट किंवा दूध-पाव. हार्वे यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा हे सहा पदार्थ वगळायला सांगितले. त्याऐवजी सकाळी नऊला चार-पाच औंस मांस किंवा मासे, बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा आणि एक औंस कोरडा टोस्ट. दुपारी दोनला मासे किंवा मांस, बटाटा सोडून कोणतीही भाजी, थोडे फळ. संध्याकाळी सहाला फळ आणि चहा. रात्री नऊला पुन्हा तीन-चार औंस मांस किंवा मासे. सोबत ठरावीक वाइनही होती.

म्हणजे दिवसातून चार वेळा जेवणखाण होते. बँटिंग यांना उपाशी राहावे लागले नाही. पूर्वीच्या उपायांत आणि या उपायात हा मोठा फरक होता.

वर्षभरात वजन कसे उतरले?

बँटिंग यांनी साधारण दर तीन आठवड्यांनी वजन करून तारीखवार नोंद ठेवली. २४ डिसेंबर १८६२ रोजी १८४ पौंड, ८ एप्रिल १८६३ रोजी १७३, १ जुलैला १६१ आणि २६ ऑगस्टला १५६ पौंड, म्हणजे सुमारे ७१ किलो. वर्षभरात ४६ पौंड, जवळपास २१ किलो घटले. कमरेचा घेर सुमारे १२ इंचांनी कमी झाला.

भागाकार केला तर ही घट आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम भरते. तक्त्यातील कोणत्याही दोन नोंदींमधील घट चार पौंडांपेक्षा जास्त नाही. आजच्या ‘महिन्यात दहा किलो’ जाहिरातींच्या तुलनेत हा वेग कासवाचा वाटेल. पण ते आता समोर पाहून जिना उतरू लागले. गुडघ्यांच्या पट्ट्या सुटल्या, बुटाची नाडी स्वतः बांधता येऊ लागली, कानाची तक्रारही कमी झाली.

तक्त्यातील शेवटची नोंद १२ सप्टेंबर १८६३ ची आहे. वजन १५६, घट शून्य. आजचे बहुतेक डाएट या टप्प्यावर संपते. काटा हलायचा थांबतो, उत्साह ओसरतो आणि जुने ताट परत येते. बँटिंग यांचे खाणे मात्र बदलले नाही.

पुस्तिकेने एवढी खळबळ का उडवली?

१८६३ मध्ये बँटिंग यांनी आपला अनुभव ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’ या छोट्या पुस्तिकेत लिहिला, स्वखर्चाने छापला आणि सुरुवातीला फुकट वाटला. मागणी इतकी वाढली की पुढच्या आवृत्तीला किंमत ठेवावी लागली. त्यातला नफा त्यांनी धर्मादाय कामांना दिला. त्यांचे आडनाव इंग्रजीत डाएट करण्यासाठीचे क्रियापद बनले. स्वीडिश भाषेत ‘बांता’ हे क्रियापद आजही त्याच अर्थाने वापरले जाते.

वैद्यकीय वर्तुळातून मात्र टीका झाली. अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्याने वैद्यकात नाक खुपसू नये, असा ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाचा सूर होता. विनोदी साप्ताहिकांनी टवाळी केली, डॉ. हार्वे यांनाही व्यवसायबंधूंचे टोमणे ऐकावे लागले. टीकेचा काही भाग रास्त होता. एका माणसाचा अनुभव म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे. हार्वे यांनी १८७२ मध्ये स्थूलता आणि आजार यांच्या संबंधावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, पण आहार का लागू पडतो याचे त्या काळचे स्पष्टीकरण अपुरेच होते.

वजन टिकवण्यासाठी बँटिंग यांनी काय केले?

१८६९ मध्ये पुस्तिकेची चौथी आवृत्ती आली. पहिल्या आवृत्तीला तेव्हा सहा वर्षे होत आली होती आणि वजन परतलेले नव्हते. त्यांच्या लिखाणातून तीन गोष्टी दिसतात.

पहिली, त्यांनी या आहाराला मुदत ठेवली नाही. वर्षभराचा तक्ता पुढे त्यांचे नेहमीचे खाणे झाले. दुसरी, वजनकाटा त्यांनी सोडला नाही. वजन घटत असताना लागलेली नोंदीची सवय पुढेही राहिली. तिसरी, वगळलेले पदार्थ त्यांनी अधूनमधून तपासून पाहिले. थोडी साखर आठवडाभर परत घेऊन पाहिली, तर वजन सुमारे एक पौंडाने वाढले. मग ती पुन्हा बंद झाली. लोणी-दुधाचेही असेच प्रयोग केले. कोणता पदार्थ आपल्याला किती महागात पडतो, याचा त्यांचा स्वतःचा हिशेब तयार झाला. त्यामुळे एखाद्या दिवशी नियम मोडला तरी सगळे संपले असे मानण्याचे कारण उरले नाही. एक पौंड वाढला की तो एक पौंडच आवरायचा होता. २० पौंड परत येईपर्यंत ते थांबले नाहीत.

१६ मार्च १८७८ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ते पुन्हा पूर्वीइतके स्थूल झाले नाहीत.

आजचे संशोधन काय सांगते?

वजन परत का येते, याचे उत्तर बँटिंग यांच्या काळात नव्हते. आज बरेचसे आहे. वजन घटले की लहान झालेल्या शरीराला ऊर्जा कमी लागते. शिवाय शरीर अपेक्षेपेक्षाही अधिक काटकसर करू लागते. पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन कमी होते, भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते. ऑस्ट्रेलियात ५० जणांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वजन घटवल्यानंतर वर्षभरानेही हे बदल पूर्ववत झाले नसल्याचे दिसले. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतील १४ जणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी स्पर्धेत सरासरी ५८ किलो घटवले होते. सहा वर्षांनी त्यातले सरासरी ४१ किलो परत आले होते आणि विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होते.

थोडक्यात, वजन परत येणे हा केवळ मनोनिग्रहाचा पराभव नसतो, कारण शरीरच जुन्या वजनाकडे ओढत असते. ही ओढ डाएट संपल्यावरही राहते, म्हणून वजन टिकवण्याची व्यवस्थाही तितकीच दीर्घकाळ चालावी लागते.

अशी व्यवस्था जमवलेल्यांची नोंद अमेरिकेतील ‘नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री’ १९९४ पासून ठेवत आहे. किमान ३० पौंड घटवून ते वर्षभर तरी टिकवलेल्यांनाच त्यात प्रवेश मिळतो. त्यांची डाएट वेगवेगळी असली, तरी सवयींमध्ये साम्य आढळते. आठवड्यातून किमान एकदा वजन करणे, आहारात सातत्य आणि रोज सरासरी तासभर शारीरिक हालचाल. यातले आहारातील सातत्य बँटिंग यांच्याकडेही होते आणि तेही नियमित वजन करत. व्यायामाबाबत मात्र त्यांचा अनुभव अपुरा होता. वजन उतरवण्यात व्यायामाचा वाटा मर्यादित असला, तरी उतरलेले वजन टिकवण्यात त्याची मदत होते, असे आता दिसते.

बँटिंग यांचा आहार आज जसाच्या तसा घ्यावा का?

नाही. रोजची वाइन आणि तीन वेळचे मांस किंवा मासे हा त्या काळच्या सुखवस्तू लंडनकराचा तक्ता होता. आज तो आरोग्यदायी मानला जाणार नाही. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच मूत्रपिंडाचे आजार असणाऱ्यांनी आहारात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. कोणतेही डाएट निवडताना किती किलो उतरतील, यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : हे खाणे आपण पाच वर्षांनीही खात असू का? उत्तर ‘नाही’ असेल, तर उतरलेले वजन पाहुण्यासारखे येऊन जाण्याचीच शक्यता अधिक.