गणिताचे प्राध्यापक र. धों.

मी जोह्याची. पेण तालुक्यातलं हमरापूर-जोहे म्हटलं की गणपती, पुढे काही सांगावं लागत नाही. आमच्याकडे घराला लागून कारखाना आणि कारखान्याला लागून पुन्हा कुणाचं तरी घर. सीझनला मूर्ती टेम्पोत भरताना मधल्या फटींत रद्दी कोंबायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. कोंबता कोंबता ती वाचत बसायचं आणि काकांची बोलणी खायची, हेही तेव्हापासूनच. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारच्या पुरवणीत मला रघुनाथ धोंडो कर्वे भेटले. तोवर कर्वे म्हणजे महर्षी, एवढंच माझं ज्ञान! र. धों. हे त्यांचे थोरले चिरंजीव.

जन्म १४ जानेवारी १८८२, मुरुडचा. आपलं जंजिऱ्याचं मुरुड नव्हे, दापोलीजवळचं. नऊ वर्षांचे असताना आई बाळंतपणात गेली. मुलगा पुढे आयुष्यभर ज्या कामामागे लागला, त्याचं बीज इथे असेल का, असं वाटून जातं. अभ्यासात हुशार इतके की १८९९ साली मॅट्रिकला पहिले आले. १९०४ मध्ये फर्ग्युसनमधून बी.ए. झाले. विषय गणित. (आपल्यातल्या एम-थ्रीवाल्यांनी नोंद घ्यावी, गणित आवडणारी माणसंही असतात.) पॅरिसला जाऊन त्यात आणखी शिकून आले आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले.

इथपर्यंत सगळं चारचौघांसारखं. पण १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी असंच केंद्र काढलं तेही त्याच वर्षी. म्हणजे जग जिथे होतं तिथेच हा कोकणातला मास्तर उभा होता. बाईनं किती बाळंतपणं सोसायची हे तिनं ठरवावं आणि शरीरसुखावर तिचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, असं ते उघड बोलू-लिहू लागले. कॉलेजच्या मिशनरी चालकांना ते पटेना. राजीनामा द्या, नाहीतर हे बोलणं थांबवा. १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. घर चाललं ते बरंचसं पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर. मूल होऊ द्यायचं नाही हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. या बाईंबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, लिहायला हवं.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. छापायचं, बांधायचं, पोस्टात टाकायचं, बहुतेक सगळं स्वतःच. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र, त्यामुळे लोक ते लपवून वाचत. पण वाचत जरूर. आणि पत्रं लिहीत! घरात, डॉक्टरला, मित्रालाही विचारता येणार नाही असे प्रश्न लोक या माणसाला विचारत आणि हा माणूस ते छापून खाली सरळ उत्तर देई. उपदेश नाही, चेष्टा नाही. गणित सुटत नसलेल्या पोराला पायरी दाखवावी तसं.

त्यापायी कोर्टात जावं लागलं. १९३१ साली व्यभिचारावरच्या लेखासाठी शंभर रुपये दंड झाला. १९३४ चा खटला मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात वाचकांच्या प्रश्नांवरच आक्षेप होता, आणि त्यात समलिंगी संबंधांचाही विषय होता. र. धों.चे वकील कोण, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर! बाबासाहेबांचं म्हणणं साधारण असं की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, आणि लोक विचारतात तर उत्तर मिळायला हवं. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा आधार देऊन ते असंही म्हणाले की ज्यांचा कल निसर्गतःच तसा आहे, त्यांनी आपल्या रीतीनं सुख मिळवण्यात गैर काही नाही. खटला हरले. दोनशे रुपये दंड. आपल्या सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमातून प्रौढांचे राजीखुशीचे संबंध वगळले ६ सप्टेंबर २०१८ ला. मधली वर्षं मोजलीत तर चौऱ्याऐंशी. अशा जोडप्यांच्या लग्नाला मात्र त्याच कोर्टानं २०२३ साली मान्यता दिली नाही.

र. धों. काही समलिंगी स्त्रियांचे पुढारी नव्हते, उगाच तसं म्हणू नये. अशा बायकांची 'स्त्री संगम' ही संघटना मुंबईत निघाली तीच १९९५ मध्ये. पण विचारायची एक जागा त्यांनी मराठीत करून ठेवली आणि १४ ऑक्टोबर १९५३ ला मरेपर्यंत, सव्वीस वर्षं, तोटा सोसून चालवली. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा २००१ चा सिनेमा त्यांच्यावरच आहे. होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये गणेशोत्सवात एकदा लावायला हरकत नाही.

मला हे सगळं इतकं का लागलं ते सांगते. मी सातवीत होते. आमच्या शेजारच्या कारखान्यात दोन ताया आखणीला बसायच्या. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रेखणं, सगळ्यात नाजूक काम. दोघी कायम एकत्र. एकीच्या हाताला दुसरीचा हात लागल्याशिवाय डोळा उतरत नाही, अशी लोक मस्करी करायचे. मग मस्करी थांबली आणि कुजबुज सुरू झाली. त्या मे महिन्यात एकीचं लग्न घाईघाईत रोह्याकडे लावून दिलं. मी आजीला विचारलं, आजी, ती ताई रडत का होती? आजी म्हणाली, गप बस, पोरींनी असलं विचारायचं नसतं.

दुसरी ताई अजून आखणीलाच आहे. लग्न केलं नाही. पुरवणीचं ते पान मी मूर्तीखाली कोंबलं नाही, नेऊन तिला दिलं. काय बोलावं कळेना, म्हणून म्हटलं, ताई, चांगलं लिहिलंय. तिनं ब्रश पाण्यात ठेवला, हात पुसले आणि उभ्याउभ्या सगळं वाचलं. मग चार घड्या करून रंगाच्या डब्यांमागे ठेवलं.

"याचं अजून काही मिळतं का गं तुमच्या कॉलेजात?" तिनं विचारलं.

लायब्ररीत र. धों. आहेत. कार्ड माझ्या नावावर आहे, पुस्तक परत करायला उशीर झाला तर लायब्ररीवाल्या सरांनी समजून घ्यावं.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी